शंभर आवाजांचं घर

मुंबई-गोवा महामार्गावर हातखंब्याचा तिठा लागतो. एक रस्ता मुंबईकडे, एक गोव्याकडे आणि तिसरा रत्नागिरी शहराकडे. नव्वदच्या दशकात या तिठ्याच्या आसपासच्या वाड्यांत जी मुलं वाढली, त्यांच्या कानांवर दोन तऱ्हेचं संगीत एकाच वेळी पडलं. एक होतं भजनाचं, गणपतीतल्या जाखडीचं आणि शिमग्यातल्या नमनाचं. दुसरं चाकरमान्यांच्या पिशव्यांतून उतरायचं आणि सेलवर किंवा विजेवर वाजायचं. आमच्या घरातली आम्ही चुलत-आते भावंडं या दोन्हींच्या मधोमध वाढलो. आता कोणी रत्नागिरीत, कोणी पुण्यात, कोणी ठाण्यात, तर एक जण दुबईत आहे. गेल्या काही वर्षांत मात्र एका कामाच्या निमित्तानं आम्ही पुन्हा एका ठिकाणी जमू लागलो आहोत. लहानपणी ऐकलेले ते विजेवरचे आवाज संगणकावर पुन्हा जसेच्या तसे उभे करायचे, असं आम्ही मनावर घेतलं आहे.

कोणी म्हणेल, त्यात जपण्यासारखं काय आहे? ते तर सनईची, बासरीची, पियानोची नक्कल करणारे स्वस्तातले आवाज. पण ज्याच्या कानांत पहिला पियानो म्हणून तोच आवाज बसला, त्याच्यासाठी तो नक्कल उरत नाही. आमच्यापैकी कोणीही खरा पियानो वयाची विशी उलटेपर्यंत ऐकलेला नव्हता. आमचा पियानो हातखंब्याच्या पडवीत, टीचभर स्पीकरमधून वाजला. आमच्या पिढीचं मूळ तेच आहे.

घरात आधीपासून पेटी होती, आजोबांची. वाडीच्या भजनी मंडळात पेटीवर तेच बसत. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे आषाढ-श्रावणात पेटीचे हाल व्हायचे. पट्ट्या फुगून चिकटायच्या, एखादा सूर बसायचा आणि गणपती आठ दिवसांवर आले की आजोबा पेटी खोलून ओटीवर बसायचे. एकेक पितळी पाती कोरड्या फडक्यानं पुसायची, पट्टी खालीवर करून बघायची आणि भात्याला कान लावून हवा कुठे निसटते ते ऐकायचं. आम्हाला त्या पेटीला हात लावायची मुभा नव्हती. ती देवाची वस्तू मानली जायची.

अशा घरात एका चतुर्थीच्या आदल्या पहाटे मुंबईचे काका तिठ्यावर उतरले, ते काखेत एक लांबट खोकं घेऊन. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ साली. त्याआधी मुंबईकर रात्रभर एसटीत आखडून यायचे आणि तिठ्यावर त्यांना घ्यायला कोणीतरी कंदील किंवा बॅटरी घेऊन जायचं. खोक्यात निघाला मनीष मार्केटातून घेतलेला छोटा कीबोर्ड. आमच्याकडे कुठल्याही कंपनीच्या कीबोर्डला कॅसिओच म्हणत, हा तर खरोखरच कॅसिओ होता. आजीनं तो उलटापालटा करून पाहिला आणि विचारलं, "हिला भाता नाय, मग वारा कुठनं येतो?" काकांनी मागचं झाकण काढून सेल दाखवले. आजोबांनी एक पट्टी दाबली, धरून ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाले, "सूर हलत नाही हो. चांगला आहे." त्या वाक्यानं कॅसिओला घरात जागा मिळाली.

त्याच्या माथ्यावर शंभर आवाजांची यादी छापलेली होती. दोन आकडे दाबले की आवाज बदलायचा. पहिल्या दिवसापासून आम्ही ते आवाज आपसांत वाटून घेतले. थोरल्या दादाचा पितळी वाद्यांचा, ताईचा घंटांचा, माझा बासरीचा, आणि सगळ्यांत धाकट्याला जो उरला तो. दुसऱ्याचा आवाज लावायचा तर विचारून लावायचा, असा दंडक होता. आत एक तयार धून होती. बटण दाबलं की आपोआप वाजायची. ती कुठल्या गाण्याची हे कोणाला माहीत नव्हतं, पण घरातल्या प्रत्येकाला ती तोंडपाठ झाली. आत्या भाकऱ्या थापताना तीच गुणगुणायची. सेल उतरायला लागले की आवाज फाटायचा, चिरका व्हायचा, आणि तोही आवाज आमच्या ओळखीचा झाला.

आरतीच्या वेळी आजोबांनी त्याचा वेगळाच उपयोग शोधला. ऑर्गनचा आवाज लावायचा, षड्ज आणि पंचम या दोन पट्ट्या दाबायच्या आणि त्या वर येऊ नयेत म्हणून बाजूच्या फटीत काडेपेटीच्या काड्या खोचायच्या. पट्टी दाबलेली राही तोवर सूर थांबत नसे. झाली सूरपेटी तयार. मग त्या अखंड सुरावर आजोबांची पेटी, काकांचा मृदुंग आणि सगळ्यांचे टाळ. जुन्या आणि नव्या वाद्यांचं आमच्याकडे कधी भांडण झालं नाही, याचं श्रेय त्या दोन काड्यांना द्यायला हवं.

पुढे वाचनातून कळलं, आजोबांच्या पेटीलाही एके काळी परकेपण सोसावं लागलं होतं. हार्मोनियम हे युरोपातून आलेलं वाद्य. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबॅंनं १८४० च्या दशकात त्याचं पेटंट घेतलं आणि कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी हातानं भाता मारायची पेटी घडवून तिला भारतीय बैठकीत आणलं. मराठी रंगभूमीनं तिला आणि पायपेटीला आपलं मानलं, गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंतानं तिला प्रतिष्ठा मिळवून दिली. तरीही आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत तिला बंदी होती. तिच्यातून मींड निघत नाही, तिचे सूर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत, असे आक्षेप होते. आज त्याच पेटीशिवाय भजन सुरू होत नाही.

विजेच्या वाद्यांचं आपल्याकडचं मूळही बरंच जुनं आहे. १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटातली ती पुंगी पुंगी नव्हतीच. क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेवरच्या वाद्यावर कल्याणजींनी ती वाजवली होती. आज कोकणातल्या आणि मुंबईतल्या कुठल्याही बेंजो पार्टीला नागीण वाजवायला सांगा, ते त्या क्लॅव्हिओलिनचीच आठवण वाजवतात. खऱ्या पुंगीची नव्हे. पुढे केरसी लॉर्ड यांनी मूग सिंथेसायझर हिंदी चित्रपटसंगीतात आणला. १९८२ साली चरणजित सिंग या मुंबईच्या वादकानं रोलंडची यंत्रं घेऊन दहा रागांची तबकडी केली. ती तेव्हा फारशी खपली नाही, पण पंचवीसेक वर्षांनी जगभरच्या रसिकांनी ती शोधून काढली आणि नृत्यसंगीताच्या इतिहासात तिला मानाचं पान मिळालं. आमच्या कॅसिओच्या मागे अशी सगळी परंपरा उभी होती. ती ठाऊक नसतानाही तिचा वारसा आमच्यापर्यंत पोचला होता.

नव्वदचं दशक संपता संपता दादाच्या शिक्षणासाठी घरात संगणक आला आणि त्याच्याबरोबर मिडी आली. दादा रत्नागिरीला क्लासला जायचा. तिथल्या संगणकावर विंडोज ९५ होतं आणि त्यात ‘कॅनियन’ नावाची एक धून असायची, जॉर्ज स्टोन यांनी रचलेली. दादाला ती इतकी आवडली की त्यानं ती फ्लॉपीवर उतरवून घरी आणली. आम्ही सगळे संगणकाभोवती दाटीवाटीनं उभे राहिलो, त्यानं फाईल उघडली आणि तो चमकला. "ही ती नाही," म्हणाला. सूर तेच, लय तीच, पण वाद्यं निराळी. क्लासमध्ये ती कुरकुरीत, धातूच्या पत्र्यासारखी वाजायची. घरी ती मऊ, गोलसर झाली होती. फाईल बदलली नव्हती. मग बदललं काय?

मिडी समजून घ्यायला याहून चांगला धडा आम्हाला मिळाला नसता. मिडीच्या फाईलमध्ये आवाज नसतोच. कुठली पट्टी, किती जोरात आणि कधी दाबली, कधी सोडली, एवढ्याच सूचना असतात. जोर शून्य ते १२७ या आकड्यांत मोजतात, वाहिन्या सोळा असतात. पलुसकर-भातखंड्यांच्या स्वरलिपीत गळा नसतो, गाणारा तो आपला आणतो, तसंच हे. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या वाद्यमेळ्यात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका वायरनं जोडून एकमेकांशी बोलते केले, तेव्हा ही भाषा जगासमोर आली. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलंडचे इकुतारो काकेहाशी यांचा त्यात मोठा वाटा होता आणि त्यासाठी २०१३ मध्ये दोघांना तांत्रिक ग्रॅमी मिळालं. सूचनाच असल्यामुळे फाईल अगदी हलकी. सीडीच्या दर्जाचं तीन मिनिटांचं गाणं तीस मेगाबाइटच्या आसपास जागा खातं, तर तेवढ्याच लांबीची मिडी थोड्याशा किलोबाइटांत मावते. १.४४ मेगाबाइटच्या एका फ्लॉपीत अख्खा गाण्यांचा संच घेऊन दादा रत्नागिरीहून हातखंब्याला यायचा, तो यामुळे.

मग आवाज कोण काढतं? ज्याच्या त्याच्या घरातलं यंत्र. क्लासमधल्या साउंड कार्डावर यामाहाची ओपीएल-३ नावाची चिप होती. ती एफएम पद्धतीनं सूर घडवायची: एका साध्या लहरीनं दुसऱ्या लहरीला हलवायचं, त्यातून नवे स्वरांश उमटतात आणि कधी घंटा, कधी पितळी वाद्य असा भास होतो. ही युक्ती स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांना १९६७ मध्ये सापडली, यामाहानं तिचा परवाना घेऊन १९८३ मध्ये डीएक्स-७ काढला आणि त्या दशकातली असंख्य गाणी त्याच्या आवाजानं रंगली. डीएक्स-७ मध्ये अशा सहा लहरी एकमेकींत गुंतत. स्वस्त साउंड कार्डांत एका वाद्याला दोन, फार तर चार मिळायच्या. पत्र्यासारखा तो आवाज त्या काटकसरीतून आला होता. घरच्या संगणकात मात्र विंडोजबरोबर मिळणारा सॉफ्टवेअर सिंथेसायझर होता. त्यात रोलंडच्या साउंड कॅनव्हास संचातले खऱ्या वाद्यांचे छोटे छोटे नमुने होते, सगळे मिळून साडेतीन मेगाबाइटच्या आत कोंबलेले. ते नमुने रोलंडनं मायक्रोसॉफ्टला वापरू दिले होते आणि आजच्या विंडोजमध्येही ते तसेच बसले आहेत.

यातून आमच्या मनात एक गोष्ट पक्की झाली. धून सगळ्या जगाची असली, तरी आवाज त्या त्या घराचा असतो.

त्या काळात आमचा सगळ्यांत मोठा उद्योग म्हणजे गावचं संगीत मिडीत आणणं. दादानं आणि ताईनं एक प्रोग्राम मिळवला होता. त्यात संगणकाच्या उंदरानं एकेक सूर रेघांवर ठेवायचा. १९९१ मध्ये जनरल मिडी नावाचा नियम ठरला आणि १२८ वाद्यांना कायमचे क्रमांक मिळाले. एक नंबरला पियानो, १०५ ला सतार, ११२ ला सनई. एवढ्या लांबच्या लोकांनी केलेल्या यादीत सनई पाहून आम्हाला कोण आनंद झाला! पण पुढे शोधत गेलो तर तबला नाही, ढोलकी नाही, मृदुंग नाही, झांज नाही आणि पेटीही नाही. ठेक्यासाठी दहावी वाहिनी राखून ठेवलेली. तिच्यावर ६० आणि ६१ क्रमांकाला बोंगो, ६२ ते ६४ ला कोंगा. मग तेच घ्यायचे.

जाखडीचा ठेका बसवताना ताईनं जे केलं ते मी जवळून पाहिलं आहे. ‘धा’साठी तिनं जाड कोंगा आणि बारीक बोंगो एकाच क्षणी ठेवले. ‘ता’साठी नुसता बोंगो, पण जोर एकदा शंभर, एकदा ऐंशी, म्हणजे दोन्ही हात सारखे वाटू नयेत. मृदुंगाचा घुमारा काढायला ती सर्वांत खालच्या कोंग्याचा सूर पिच-बेंडनं किंचित खाली ओढायला गेली, पण त्या वाहिनीवर ओढ दिली की सगळीच वाद्यं सोबत ओढली जात. मग तिनं घुमाऱ्यासाठी सुरांच्या वाहिनीवरचा एक ढोल घेतला आणि ओढ फक्त त्यालाच दिली. टाळाला ट्रँगल, घुंगरांना टँबोरिन. गोल फिरणाऱ्या नाचणाऱ्यांच्या पायांची गती धरायला तिनं टँबोरिनचे ठोके मात्रेच्या किंचित मागे सरकवले. पेटीसाठी २१ नंबरचा रीड ऑर्गन. सनईच्या मींडेला पुन्हा पिच-बेंड. पेटीवर ज्या मींडेअभावी आकाशवाणीनं तीस वर्षं दार बंद ठेवलं, ती मींड ताईनं उंदराच्या टोकानं ओढून दाखवली. आजोबांनी खुर्ची ओढून शेजारी बसून ते ऐकलं आणि सांगितलं, "सम जरा उशिरा येते गो तुझी." तिनं सम दुरुस्त केली. संगणकाशी आजोबांचा संबंध एवढाच, पण तेवढ्यात ते आमच्या बरोबरीचे झाले.

मग मोबाईल आले. नोकियाच्या ३३१० वर एका वेळी एकच सूर वाजायचा. तोही आम्ही पट्ट्या मोजून बसवला. चार सूर एकदम वाजवणारे फोन आल्यावर ताईची जाखडी रिंगटोन होऊन मुंबईला गेली. विरारच्या लोकलमध्ये काकांच्या खिशात ती वाजली तेव्हा शेजारचा अनोळखी माणूस म्हणाला, "रत्नागिरीचे का तुम्ही?" काकांनी हे आम्हाला किती वेळा सांगितलं असेल! चार सुरांत, बोंगो-कोंग्यांवर उभी केलेली जाखडीसुद्धा माणसाचं गाव सांगू शकते, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

पुढे सगळं विखुरलं. आधी आजोबा गेले. संगणक भंगारात निघाला, कॅसिओ पोटमाळ्यावर गेला. फ्लॉप्यांना कोकणातल्या हवेनं बुरशी धरली; दादानं वेळेवर सीडीवर उतरवल्या तेवढ्या फाईली वाचल्या. महामार्गाच्या चौपदरीकरणात तिठ्याचं रूपही बदललं. काही वर्षांपूर्वी गणपतीत सगळे जमलो असताना धाकट्यानं त्या फाईली नव्या लॅपटॉपवर लावल्या, एका आधुनिक ऑर्केस्ट्राच्या प्लगइनमधून. खऱ्या सभागृहात, खऱ्या वादकांकडून ध्वनिमुद्रित केलेले आवाज होते ते. सगळे शांतपणे ऐकत राहिले. संपल्यावर आत्या म्हणाली, "छान आहे. पण ही आपली नव्हे."

त्या एका वाक्यातून आमचं काम सुरू झालं.

सॉफ्टवेअर सिंथेसायझर प्लगइन म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्राममध्ये बसवायचं वाद्य. स्टाइनबर्ग कंपनीनं १९९६ मध्ये व्हीएसटी ही पद्धत आणली आणि १९९९ मध्ये तिच्यात वाद्यंही बसू लागली. तेव्हापासून एकेका जुन्या यंत्राचा आवाज सॉफ्टवेअरमध्ये उतरवण्याचं काम जगभर चाललं आहे आणि त्यातलं पुष्कळसं प्रेमापोटी, फुकट वाटलं गेलं आहे. डेक्स्ड हा यामाहा डीएक्स-७ चा अवतार. मंट हा रोलंडच्या १९८७ सालच्या एमटी-३२ चा. एडीएलप्लग ओपीएल-३ चिपचा आवाज काढतो. फ्लुइडसिंथ साउंडफाँट वाजवतो. साउंडफाँट म्हणजे वाद्यांच्या नमुन्यांची बांधलेली पोतडी. नव्वदच्या दशकात क्रिएटिव्ह कंपनीच्या कार्डांबरोबर ती रूढ झाली आणि आजही तिची फाईल कोणीही उघडू शकतो, कोणीही घडवू शकतो.

आम्ही कामं वाटून घेतली. दादाकडे क्लासमधला आवाज. त्यानं कॅनियन एडीएलप्लगमधून वाजवली. चिपचं वागणं अचूक होतं, तरी रंग जुळेना. कारण साउंड कार्डाचा प्रत्येक ड्रायव्हर वाद्यांचे आकडे आपापल्या पद्धतीनं भरत असे: कुठली लहर कुठलीला किती हलवणार, सूर किती वेळात विझणार. प्लगइनमध्ये असे बरेच जुने संच साठवलेले आहेत. दादा ते एकामागून एक लावत गेला आणि एका संचावर थांबला. दुबईहून त्यानं फक्त तो तुकडा पाठवला, सोबत शब्द नाही. त्याच्याबरोबर त्या क्लासला जाणाऱ्या आतेभावानं लगेच फोन केला, "ट्यूबलाइट दिसली रे मला. पंखा दिसला!"

ताईनं घरच्या संगणकाचा आवाज घेतला. विंडोजमधले नमुने अजून हाताशी असल्यानं ते सोपं वाटत होतं. तिनं मात्र त्यावर आमचे जुने स्पीकर कसे वाजत असतील याचा विचार केला. खालचे सूर त्या स्पीकरांना पेलत नसत. मृदुंगासाठी घेतलेला तो ढोल त्यांत फक्त टक् असा वाजायचा आणि घुमारा आम्ही मनानं भरायचो. तिनं खालचे सूर कापले, मधले जरा वर काढले, डावी-उजवी बाजू जवळ आणली. ऐकणाऱ्याला वाटेल, आवाज बिघडवला. आम्हाला तो सुधारलेला वाटला.

आमच्या कॅसिओचं तयार प्लगइन आम्हाला कुठे मिळालं नाही. तो धाकट्याच्या आणि माझ्या वाट्याला आला. पोटमाळ्यावरून काढला तेव्हा सेलच्या खाचेतल्या पत्र्यांवर हिरवट पूड चढली होती. लिंबाच्या रसात बुडवलेल्या कापसानं ती पुसली, कोरडं केलं, ॲडॉप्टर लावला. लागला! मग हेडफोनच्या भोकातून वायर काढून एकेक आवाज ध्वनिमुद्रित केला. दर तिसऱ्या पट्टीचा सूर घ्यायचा, मधले सूर संगणक ताणून-दाबून भरतो. पॉलिफोन नावाच्या मोफत प्रोग्राममध्ये प्रत्येक नमुन्याची लहर मोठी करून पाहायची आणि सूर अखंड वाजावा म्हणून तिच्यात फेरा बांधायचा. फेऱ्याची सुरुवात आणि शेवट दोन्ही लहर शून्यावर असताना धरावे लागतात, नाहीतर दर फेऱ्याला टिक् असा आवाज येतो. बासरीचा फेरा चटकन जमला. घंटेच्या आवाजानं छळलं, कारण घंटा सतत विझत असते.

संच पुरा झाला तो साऱ्यांना ऐकवला. सूर बरोबर, वाद्यं बरोबर, तरी आत्यानं मान हलवली. हेडफोनच्या भोकातून येणारा आवाज आम्ही लहानपणी कधी ऐकलाच नव्हता. आमचा कॅसिओ वाजायचा तो त्याच्या अंगच्या स्पीकरमधून, प्लास्टिकच्या खोक्यात थरथरत, पडवीच्या जमिनीवर ठेवलेला, चिऱ्याच्या भिंतीवर आपटून परत येणारा. मग धाकट्यानं माइक आणला. कॅसिओ पडवीत त्याच जुन्या जागी ठेवला, माइक एका मुलाच्या कानाच्या उंचीवर लावला. तिठ्यावरचे ट्रक रात्रीही थांबत नाहीत, म्हणून रस्त्याच्या बाजूला दोरीवर गोधड्या टांगल्या आणि दोन गाड्यांच्या मधल्या शांततेत एकेक सूर टिपला. सकाळी आत्या चहा घेऊन आली तेव्हा संगणकावर ती तयार धून याच नमुन्यांतून लावून ठेवली होती. तिनं कप खाली ठेवला आणि सुरात सूर मिळवला. तिनं त्या वाद्याला आयुष्यात बोट लावलेलं नव्हतं. पण त्याची सगळ्यांत पक्की पारख तिच्याच कानात होती.

घरातल्या एका पिढीची आठवण ही अशी असते. एकट्याला ती पुरती आठवत नाही. दादाकडे चिपचा रंग होता, ताईकडे स्पीकरचा दोष, धाकट्याकडे पडवीचा नाद आणि आत्याकडे निवाडा. सगळे एकत्र बसलो तेव्हा ती पूर्ण झाली. प्लगइननं आम्हाला नुसता आवाज दिला नाही. कोणाला काय आठवतं, ते एकमेकांसमोर मांडायला लावलं.

आता पुढची पिढी त्या संचाला आपलं म्हणू लागली आहे. ताईची मुलगी गणपतीत गाणी बसवते. तिच्यापाशी हजारो आवाज आहेत, खरी ढोलकी आहे, खरा मृदुंग आहे, ऑक्टोपॅड आहे. तरी गेल्या गणपतीत जाखडीच्या गाण्याला तिनं आमच्या कॅसिओची घंटा घेतली. तिला त्यात आमचं बालपण ऐकायचं नव्हतं. "ह्या आवाजाला धार आहे, गर्दीतून वर येतो," एवढंच तिचं कारण. मला ते कारण फार मोलाचं वाटतं. नुसत्या आठवणीसाठी जपलेली वस्तू आमच्याबरोबर संपली असती. कामाला आली म्हणून ती आता टिकेल.

म्हणून कोकणातल्या, देशावरच्या, जिथे जिथे असं वाद्य माळ्यावर पडलं असेल त्या प्रत्येक घराला मला मनापासून सांगावंसं वाटतं. पुढच्या पावसाळ्याआधी ते खाली काढा. आधी सेल काढून टाका, कारण तेच त्याचा घात करतात. वाजत असेल तर स्पीकरमधूनच, ते ज्या खोलीत वाजायचं त्या खोलीत ध्वनिमुद्रित करा. साध्या मोबाईलवर केलंत तरी चालेल. मिडी फाईली असतील तर त्यांच्याशेजारी त्या कुठल्या यंत्रावर वाजायच्या ते लिहून ठेवा, कारण फाईल ते सांगत नाही. आणि ज्यांनी ते ऐकलं आहे, त्यांना शेजारी बसवा. मोठ्या कंपन्यांची मोठी यंत्रं जपायला जगभर माणसं आहेत. तुमच्या पडवीत वाजलेला आवाज कसा होता, हे मात्र तुमच्या घरातल्या माणसांखेरीज दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. ती माणसं आज आहेत, तोवर त्यांना विचारून घ्या.